प्लगला करंट नाही : एका छोट्या मोटारसायकलीचा आणि तिच्या ठिणगीचा इतिहास

भाईंदरच्या इतिहासावर धागा म्हटला की तुम्ही चिमाजी अप्पांची वाट पाहणार, हे मला ठाऊक आहे. १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम, खाडीकाठचा धारावीचा किल्ला, घोडबंदर, हे सारे पुन्हा केव्हातरी. आजचा विषय आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभा आहे. दोन चाके, एक सिलिंडर, दोन स्ट्रोक आणि वीस वर्षांची धूळ.

ती आजोबांची छोटी मोटारसायकल. कंपनीचे नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितले की धाग्याखाली त्या कंपनीचे चाहते आणि वैरी यांचा आखाडा भरतो, आणि मूळ विषय बाजूला राहतो. शिवाय दोष कंपनीचा नव्हताच. दोष होता खाडीच्या हवेचा आणि आमच्या आळसाचा.

गेल्या महिन्यात सोसायटीने फलकावर सूचना लावली : वापरात नसलेली वाहने पंधरा दिवसांत हलवावीत, अन्यथा भंगारवाल्याला देण्यात येतील. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, "जाऊ दे आता." त्यांच्या स्वरात ठामपणा होता, पण घरी आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी इतिहासाची विद्यार्थिनी. कागद जपायचे कसे, हे मला दोन वर्षे शिकवले गेले आहे. लोखंड जपायचे कसे, हे कोणी शिकवलेले नाही. तरी पंधरा दिवस मागून घेतले.

आधी आजोबांविषयी थोडे, कारण त्यांच्याशिवाय या गाडीला अर्थ नाही. ते लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, हे तुम्ही वाचलेलेच आहे. त्या संपावर ग्रंथ आहेत, नाटके आहेत, चित्रपट आहेत. पण संपानंतर ही माणसे गेली कुठे आणि कशावर बसून गेली, याचा शोध घेऊ लागले की साधने एकदम विरळ होतात. आमचे घर भाईंदर पूर्वेला आले. तेव्हा मिठागरे इमारतींच्या अगदी उशाशी होती. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. या वीस वर्षांत स्टेशनपासून घर दूर दूर सरकत गेले, आणि त्या अंतराच्या मापाची एक गाडी लोकांना हवी होती. आजोबांनी ती १९८९ मध्ये जुनी, म्हणजे सेकंड हँड घेतली. मागे लाकडी खोके बांधले आणि त्यातून पापड, मसाल्यांची पाकिटे दुकानोदुकानी पोचवू लागले. गिरणीनंतरचा आमचा संसार त्या खोक्यावर चालला.

आता "छोटी गाडी" हीच का, याला एक मोठा इतिहास आहे. पुण्याच्या आकुर्डीला बजाजचा स्कूटर कारखाना १९६० च्या सुमारास उभा राहिला, तो इटलीच्या पियाजिओच्या सहकार्याने. हा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून 'चेतक' आली. पण त्या काळात कारखान्याने वर्षाला किती वाहने बनवावीत, हेही सरकारी परवाना ठरवत असे. मागणी जास्त, परवाना कमी. म्हणून स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. नाव नोंदवले तेव्हा मुलगा शाळेत आणि गाडी आली तेव्हा तो नोकरीला, अशा कथा प्रत्येक घरात आहेत. त्याच १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची पन्नास सीसीची 'लुना' बाजारात आली; तिचे मूळ पियाजिओच्या 'चाओ' या पेडलच्या गाडीत होते. नगर जिल्ह्याचे नाव मोपेडशी जोडले गेले ते तिच्यामुळे. पुढे १९८१ मध्ये बजाजची एम-५०, मग औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना (राष्ट्रपती झैलसिंग यांनी ५ नोव्हेंबर १९८५ रोजी त्याचे उद्घाटन केले), आणि १९८६ मध्ये एम-८०. दूधवाले, कोळणींना बंदरावर नेणारी मंडळी, पाववाले, एजंट, खेड्यातले मास्तर यांची ही वाहने. स्कूटर ही मध्यमवर्गाची आकांक्षा होती. या गाड्या त्याच्या एक पायरी खाली उभ्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची छायाचित्रे लग्नाच्या अल्बममध्ये फारशी सापडत नाहीत.

बाबांच्या परवानगीने गाडी ढकलत गोडदेव नाक्याकडच्या एका गाळ्यात नेली. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी गाडीकडे पाहिले नाही, आधी माझ्याकडे पाहिले. "विकायची आहे की चालवायची?" मी म्हटले, आधी चालू तर होऊ दे. त्यांनी प्लग काढला, टोपीत बसवला, त्याचे लोखंडी अंग सिलिंडरच्या डोक्याला टेकवले आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

"प्लगला करंट नाही."

हे वाक्य तुम्ही प्रत्येक गॅरेजात ऐकले असेल. मेकॅनिकांच्या बोलीत 'करंट' म्हणजे ठिणगी. आणि या वाक्याच्या आत जवळजवळ दोन शतकांचा इतिहास दडला आहे, तो आता सांगते.

जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल म्हणून ज्या वाहनाचे नाव घेतले जाते, त्यात विजेचा लवलेशही नव्हता. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ मध्ये बनवलेली ती लाकडी गाडी अर्ध्या अश्वशक्तीची होती. सिलिंडरमधला वायू पेटवण्यासाठी एक नळी बाहेरून बर्नरच्या ज्योतीने लालबुंद तापवलेली असे. त्या नोव्हेंबरात डाइमलरचा मुलगा पॉल ती चालवत निघाला तेव्हा बसायची गादीच पेटली, असे सांगतात, कारण तापलेली नळी नेमकी तिच्या खाली होती. वीज नको म्हणणाऱ्याला ही गोष्ट ऐकवावी.

विजेची ठिणगी त्यापूर्वीच ठाऊक होती. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक हलवला की वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. जुन्या मोटारसायकलीचा 'मॅग्नेट' म्हणजे हेच : इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात बसवलेले चुंबक आणि त्यांच्या पोटात स्थिर असलेली वेटोळी. बॅटरीची गरज नाही. माणूस किक मारतो, चाक फिरते, वीज तयार होते. आमच्या गाडीत बॅटरी नव्हतीच, आणि म्हणूनच ती इतकी स्वस्त होती.

पण या वेटोळ्यातले व्होल्टेज फार कमी असते. प्लगच्या दोन टोकांमधले अर्धा-पाऊण मिलिमीटरचे अंतर, तेही दाबलेल्या वायूत, उडी मारून पार करायला हजारो व्होल्ट लागतात. त्यासाठी एक चतुर युक्ती आहे. प्रवाह वाहू द्यायचा आणि तो ऐन भरात असताना अचानक तोडायचा. तोडला की चुंबकीय क्षेत्र कोसळते, आणि शेजारच्या हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात क्षणभर प्रचंड व्होल्टेज उसळते. प्रवाह तोडणाऱ्या या दोन धातूच्या टिकल्या म्हणजे 'पॉइंट'. धरणाचा दरवाजा हळूहळू उघडला तर पाणी नुसते वाहते, फुटला तर लोंढा येतो, तसेच.

अडचण अशी, की पॉइंट उघडताना प्रवाहाला थांबायचे नसते. तो टिकल्यांमधली फट ओलांडून वाहू पाहतो, तिथेच ठिणगी उडते, टिकल्या जळतात आणि प्लगपर्यंत ताकद पोचत नाही. यावरचा उपाय १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इपोलीत फिझो यांनी सुचवला : तोडणीच्या जागी एक कंडेन्सर जोडा, म्हणजे तो वाहू पाहणारा प्रवाह क्षणभर पोटात घेईल. प्रकाशाचा वेग मोजणारे फिझो ते हेच. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव प्रकाशाच्या प्रकरणात येते. गोडदेव नाक्यावर ते एका बोटाच्या पेराएवढ्या पत्र्याच्या डबीत येते, आणि नाव कोणालाच माहीत नसते.

जर्मनीत रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये स्टुटगार्टला छोटे वर्कशॉप काढले. पुढल्या वर्षी एका स्थिर इंजिनासाठी त्यांनी मॅग्नेटो बनवला. १८९७ मध्ये त्यांनी तो द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकीच्या वेगवान इंजिनावर चालवून दाखवला. १९०२ मध्ये त्यांच्याकडचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. आमच्या गाडीची मूळ रचना तिथून फार दूर गेलेली नाही.

मग आले पहिले महायुद्ध, आणि ब्रिटिशांच्या लक्षात आले की आपली विमाने आणि लष्करी लॉऱ्या ज्या मॅग्नेटोवर चालतात ते बहुतांश शत्रूच्या, म्हणजे बॉशच्या घरचे आहेत! साम्राज्य जगभर पसरलेले, आणि त्याची ठिणगी स्टुटगार्टची. घाईघाईने देशी उत्पादन उभे करावे लागले. बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीने १९१४ मध्ये थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि तिचे भाग्य उजळले. आता गंमत पाहा. बॉशची भारतातली कंपनी 'मायको' १९५१ मध्ये बंगळुरात निघाली, आणि ल्यूकसने टीव्हीएसबरोबर मद्रासला ल्यूकस-टीव्हीएस १९६१ मध्ये उभी केली. महायुद्धातले दोन प्रतिस्पर्धी अखेर आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एकाच फळीवर, शेजारी शेजारी, धूळ खात बसले. 'मायको प्लग' हे तर काही काळ सामान्यनामच होते.

गाळ्यात परत येऊ. मिस्त्रींनी मला म्हटले, "बाळा, किक मार आणि दिव्याकडे बघ." मी किक मारली तसा पुढचा दिवा पिवळट असा क्षणभर मिचकला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. दिव्याचे वेटोळे वेगळे, ठिणगीचे वेगळे. पण चुंबक दोघांना एकच. दिवा मिचकतो म्हणजे चुंबक जिवंत आहे. अर्ध्या मिनिटात त्यांनी अर्धी गाडी संशयातून मुक्त केली. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल तर मी आता हेच उदाहरण देईन.

पुढची पायरी चावीची. घरातला दिवा बंद करायचा तर आपण तार तोडतो. मॅग्नेटोची गाडी बंद करायची तर उलट, तार जोडावी लागते : चावी फिरवली की ठिणगीचा प्रवाह थेट गाडीच्या लोखंडी अंगात उतरतो आणि प्लग उपाशी राहतो. त्यामुळे चावीकडे जाणाऱ्या वायरचे आवरण कुठे घासले आणि तांबे सांगाड्याला लागले, तर गाडी कायमचीच 'बंद' अवस्थेत राहते. आमच्या गाडीत हँडलच्या मानेपाशी नेमके हेच झाले होते. वर्षानुवर्षे हँडल डावी-उजवीकडे वळत राहिले आणि वायर कातली गेली. मिस्त्रींनी ती वायर सोडवली, किक मारली. प्लगवर ठिणगी आली! पण बारीक, पिवळी, आजारी.

"अजून एक चोर आहे."

पुलर लावून मॅग्नेटचे चाक काढले. आत जे दिसले ते मी जपून ठेवले आहे, फोटोच्या रूपात. पॉइंटच्या टिकल्यांवर पांढरट-हिरवट थर, स्क्रूंवर फुलोरा आल्यासारखे क्षार. भाईंदरच्या एका बाजूला वसईची खाडी, पलीकडे उत्तनचा समुद्र, आणि मध्ये मिठागरे. इथल्या हवेत मीठ आहे, आणि पावसाळ्यात ती हवा चार महिने ओली असते. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरने टिकल्या घासल्या, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपासची फट लावली, चाक परत बसवले. ठिणगी थोडी सुधारली. पण चाकाच्या खिडकीतून आत डोकावले तर टिकल्यांमध्येच निळसर चमचम. मला फिझो आठवले. मिस्त्रींना त्यांची गरज नव्हती. "कंडेन्सर गेला," म्हणाले.

इथे आजोबांच्या वहीचा उल्लेख करायला हवा. मसाल्यांच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर ते गाडीचा खर्च लिहीत. ती पाने मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. टायर, ब्रेक, साखळी यांच्या नोंदी वर्षभर विखुरलेल्या. पण 'पॉइंट साफ', 'प्लग बदली', 'वायर' या नोंदी जवळजवळ सगळ्या जून ते सप्टेंबरच्या. अभिलेखागारात बसून मी दोन वर्षे पावसाळ्याच्या अर्थव्यवस्थेवर वाचत होते, आणि तिचा एक कोपरा आमच्याच घरी, हळदीच्या डागांसकट, पडून होता. शेवटची नोंद जुलै २००५ च्या पहिल्या पंधरवड्यातली. त्या महिन्याच्या २६ तारखेला काय झाले, ते मुंबई परिसरातल्या कोणालाही सांगायला नको. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात कमरेएवढे पाणी होते आणि गाडी हँडलपर्यंत बुडाली होती. त्यानंतर आजोबांनी ती चालू करून पाहिली की नाही, हे वहीत नाही. बाबाही सांगत नाहीत. एवढेच म्हणतात, की खोके त्यांनी स्वतः सोडवून माळ्यावर ठेवले.

नेमका तसा कंडेन्सर मिळाला नाही. मिस्त्रींनी दुसऱ्याच एका गाडीचा घेतला, चाकाच्या आत बसवण्याऐवजी बाहेर, कॉइलच्या पट्टीवर स्क्रूने आवळला आणि वायर ओढून जोडली. अशा कामाला 'जुगाड' म्हणण्याची सध्या फॅशन आहे, अगदी व्यवस्थापनाच्या पुस्तकांतसुद्धा. मला तो शब्द इथे खटकतो. बाहेर बसवलेला कंडेन्सर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर राहतो आणि पुन्हा बिघडला तर चाक न काढता बदलता येतो. म्हणजे हा सुविचारित निर्णय आहे. फक्त तो घेणाऱ्याकडे पदवी नाही.

किक. प्लगवर निळी, जाड ठिणगी, आणि 'टक्' असा बारीक आवाज. टाकीतले जुने पेट्रोल फेकून, कार्बोरेटर धुऊन, तेल मिसळलेले नवे पेट्रोल घातले. सातव्या किकेला इंजिन सुरू झाले. गाळा धुराने भरला. बाबा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. आत आले नाहीत, पण चष्मा पुसताना दिसले.

हे कौशल्य आता किती दिवसांचे? ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्या आल्या. पुढे हळूहळू पॉइंट हद्दपार होऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन रूढ झाले : घासण्याजोगी टिकलीच उरली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत इंधनाचे मापही संगणक ठरवू लागला. त्या गाड्या जास्त स्वच्छ आहेत, कमी बंद पडतात. मी जुन्या धुराची भलामण करणार नाही. पण बिघाड शोधायला आता स्कॅनर लागतो, आणि मिस्त्रींच्या गाळ्यात तो नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'लुना' परत आली, तीही पूर्ण विजेवर चालणारी. जिथे ठिणगीपुरती वीज होती, तिथे आता वीजच वीज आहे, आणि ठिणगी नाही.

सोसायटीच्या सचिवांना गाडी चालू करून दाखवली. सूचना "वापरात नसलेल्या" वाहनांविषयी होती, यावर दहा मिनिटे शब्दार्थाचा वाद झाला. तूर्त मुदत मिळाली आहे. रस्त्यावर मात्र ती काढता येत नाही. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटली, नूतनीकरण राहिले, आणि ते होईल का याची चौकशी चालू आहे. सध्या दर रविवारी इमारतीच्या आवारात ती पाच मिनिटे चालू ठेवतो.

पहिल्याच रविवारी मी उत्साहात अ‍ॅक्सिलरेटर जास्त पिळला आणि पुढचा दिवा लख्ख पेटून गेला. मिस्त्रींना सांगितले तर हसले. मागचा दिवा आधीच उडालेला असणार, म्हणाले. या गाडीत व्होल्टेज आवरणारे वेगळे यंत्र नाही. दोन्ही दिवे मिळून वीज वाटून घेतात, एक गेला की दुसऱ्यावर सगळा भार येतो. सहा व्होल्टचे बल्ब आता सहज मिळत नाहीत. भाईंदर, मीरा रोड, वसईत कुणाच्या दुकानात पडून असतील तर कळवा. दोन हवे आहेत, पुढचा आणि मागचा. वहीत नोंद करायची आहे.